चराच्या तळातून पाचशे मैल

सेंट पॉल शहराला आपल्या हिवाळ्याचा अभिमान आहे, आणि या अभिमानाच्या मुळाशी एक अपमान आहे. १८८५ मध्ये न्यूयॉर्कचा एक वार्ताहर इथे येऊन गेला आणि त्यानं लिहिलं की हे गाव म्हणजे दुसरा सैबेरियाच, माणसानं राहण्याजोगं नव्हे. गावच्या व्यापाऱ्यांना ते भलतंच झोंबलं. वर्तमानपत्रातून खुलासे करत बसण्याऐवजी त्यांनी पुढच्याच वर्षी बर्फाच्या चिऱ्यांचा राजवाडा उभारला आणि ऐन थंडीत जत्रा भरवली. ‘सेंट पॉल विंटर कार्निव्हल’ आजही भरतं. राइस पार्कमध्ये बर्फात कोरलेले पुतळे उभे राहतात, थंडीचा राजा बोरियास मिरवणुकीनं येतो आणि लाल पोशाखातले, अग्निदेव व्हल्कनचे अनुयायी जुन्या बंबावर चढून त्याला हुसकावायला निघतात.

मी आलो होतो ते मात्र पुतळ्यांसाठी नव्हे. १९६६ पासून या जत्रेला एक वेगळीच पाहुणेमंडळी येऊ लागली होती. कॅनडातल्या विनिपेगहून निघून, सरहद्द ओलांडून, गोठलेल्या शेतांतून आणि रस्त्याकडेच्या चरांतून पाचशे मैल स्नोमोबाइल हाकत ती सेंट पॉलला पोचायची. या शर्यतीचं नाव ‘इंटरनॅशनल ५००’, लोकांच्या तोंडी ‘आय-५००’. बर्फावरच्या क्रॉसकंट्री मोटारशर्यतीचा इतिहास सांगायचा तर तो या शर्यतीपासून सांगावा लागतो. मिनियापोलिसजवळ राहणारी माझी भाची गाडी चालवायला तयार झाली आणि आम्ही ती वाट उलट्या दिशेनं, म्हणजे सेंट पॉलहून वायव्येकडे, धरली.

ही वाट यंत्रापेक्षा फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात आजच्या विनिपेगच्या जागेवर फोर्ट गॅरी होता. तिथले मेटी लोक, म्हणजे फ्रेंच व्यापारी आणि स्थानिक आदिवासी यांच्या मिश्र वंशातले लोक, बैलगाड्यांचे तांडे घेऊन सेंट पॉलला येत. गाड्यांत रानगव्यांची कातडी आणि फर भरलेली असे. गाड्या संपूर्ण लाकडी, लोखंडाचा खिळाही नसलेल्या. आसाला वंगण घातलं तर धूळ चिकटून चाक झिजतं, म्हणून वंगण घालायचं नाही. त्यामुळे तांड्याची किरकिर मैलोन्‌मैल आधीच ऐकू यायची. पुढे रेल्वे आली आणि ही वाट सुनी पडली.

१९१६ मध्ये रेल्वेसम्राट जेम्स हिलचा मुलगा लुई हिल यानं बंद पडलेलं कार्निव्हल पुन्हा सुरू केलं. दुसऱ्या वर्षी, १९१७ मध्ये, जत्रेचं आकर्षण म्हणून विनिपेग ते सेंट पॉल अशी कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यत झाली. जिंकला मॅनिटोबाचा मेटी गडी आल्बर्ट कॅम्पबेल. लोकांचं मन मात्र फ्रेड हार्टमन या अमेरिकनानं जिंकलं. त्याचा म्होरक्या कुत्रा वाटेत मेला, तरी तो उरलेली कुत्री घेऊन शेवटपर्यंत आला. ‘आयर्न विल’ हा डिस्नेचा चित्रपट याच शर्यतीवरून सुचलेला आहे. आधी बैल, मग कुत्री आणि १९६६ मध्ये इंजिन. तिघांच्या प्रवासाची दोन टोकं तीच होती.

सेंट पॉलपासून तीन-चार तास झाले की टेकड्या आणि तळी मागे पडतात आणि जमीन अशी सपाट होते की शेजारच्या गावातला धान्याचा कोठार-मनोराही जहाजाच्या शिडासारखा क्षितिजावर दिसत राहतो. हा अगॅसी सरोवराचा तळ. हिमयुगाच्या अखेरीला वितळणाऱ्या हिमनदीचं पाणी साचून इथे अवाढव्य सरोवर झालं होतं. ते आटलं आणि मागे काळी, सुपीक, पण पाणी न निचरणारी जमीन राहिली. गहू, सोयाबीन, शुगरबीट सगळं उत्तम येतं, पण वसंतात बर्फ वितळला की पाणी जाणार कुठे? म्हणून शेतकऱ्यांनी आणि काउंटीनं प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही अंगांना खोल चर खणले. रस्ते चौकटीच्या कागदासारखे, साधारण मैला-मैलावर. त्यामुळे चरही तसेच सरळ आणि संपता न संपणारे.

हिवाळ्यात वारा मोकळ्या शेतातला बर्फ उडवून या चरांत आणून भरतो. शेतात ढेकळं उघडी पडलेली असतात तेव्हाही चर भरलेला असतो. मिनेसोटाच्या कायद्यानं स्नोमोबाइलला चराच्या तळातून आणि बाहेरच्या उतारावरून जायची मुभा आहे. रात्री मात्र रस्त्यावरची वाहनं ज्या दिशेनं जात असतील त्याच दिशेनं जायचं. शाळकरी मुलं इथे सायकलइतक्या सहजतेनं स्लेडवर बसतात. स्नोमोबाइलला इथे सगळे स्लेडच म्हणतात.

चराला आडवी येते ती शेतात जाणारी वाट. मोरीवर माती टाकून केलेला तो उंचवटा ताशी शंभर किलोमीटरनं येणाऱ्या स्लेडला हवेत फेकतो. पलीकडे बर्फ मऊ आहे की कडक, खाली तारेचं कुंपण दबलंय की दगड, हे हवेत असताना ठरवायला वेळ नसतो. आभाळ भरलेलं असेल तर सावली पडत नाही आणि खड्डा-उंचवटा सगळा एकच पांढरा दिसतो. क्रॉसकंट्रीचं सगळं कसब या चरांत घडलं. दर काही सेकंदांनी येणारी मोरी ओळखायची, उभं राहून गुडघ्यांत धक्का जिरवायचा, आणि हे तासन्‌तास करत राहायचं.

रोझो हे गाव कॅनडाच्या सीमेपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर आहे. वस्ती तीन हजारांच्या आत. गावाची कीर्ती दोन गोष्टींची, आइस हॉकी आणि पोलारिस ही स्नोमोबाइल कंपनी. १९८० च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या अमेरिकी हॉकी संघातला नील ब्रोटन इथला. पोलारिसचा कारखाना गावाच्या अंगणातच असल्यासारखा आहे आणि त्याच्या जवळच कंपनीचं संग्रहालय आहे.

१९५० च्या दशकात या कंपनीचं नाव होतं हेटीन हॉइस्ट अँड डेरिक. एडगर हेटीन, त्याचा भाऊ ॲलन आणि मित्र डेव्हिड जॉन्सन मिळून शेतीची अवजारं, मुख्यतः पेंढा कापणारी यंत्रं बनवत. १९५५-५६ च्या हिवाळ्यात, एडगर गावाबाहेर असताना, जॉन्सननं कामगारांना हाताशी धरून एक अजब वाहन केलं. शिकारीच्या जागी स्की चढवून चालत जाण्याचा त्याला कंटाळा आला होता. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिन, धान्य वर चढवणाऱ्या यंत्राचा पट्टा आणि शेव्हरोले गाडीचा बंपर कापून केलेल्या स्की एवढी त्याची सामग्री. एडगर परतला तेव्हा तो खूश झाला नाही. पगाराला पैशांची चणचण असताना हा खेळ कशाला? पण तोच खेळ ४६५ डॉलरना गावातल्या लाकूडवखारवाल्यानं विकत घेतला आणि पगाराची सोय झाली.

बर्फावर चालणाऱ्या वाहनाची कल्पना अर्थात त्यांच्या आधीची. विस्कॉन्सिनमधल्या सेनर गावच्या कार्ल एलियसननं १९२४ मध्ये मोटर लावलेली घसरगाडी केली होती. क्वेबेकमधल्या व्हॅलकोर्टच्या जोसेफ-आर्मां बॉम्बार्डियेनं १९३० च्या दशकात अनेक माणसं बसतील अशी बर्फगाडी आणली आणि १९५९ मध्ये हलकी, एक-दोघांची ‘स्की-डू’. आपल्याकडे सोलांगला किंवा गुलमर्गला पर्यटकांना ज्या ‘स्नो स्कूटर’वरून फिरवून आणतात, तीही याच कुळातली.

एडगर हेटीनला मात्र गावाबाहेरचं जग दिसत होतं. मार्च १९६० मध्ये त्यानं काही साथीदारांसह अलास्कातल्या बेथेलहून फेअरबँक्सपर्यंत, सुमारे १२०० मैल, आपल्या यंत्रांवरून मजल मारली. ही शर्यत नव्हती. यंत्र भरवशाचं आहे हे जगाला दाखवायचं होतं. प्रसिद्धी भरपूर मिळाली, पण रोझोच्या भागधारकांना ती उधळपट्टी वाटली. एडगरनं कंपनी सोडली आणि शंभरेक किलोमीटर दक्षिणेला थीफ रिव्हर फॉल्सला जाऊन दुसरी काढली. तिथूनच पुढे ‘आर्क्टिक कॅट’ आली. पोलारिस धाकट्या भावाच्या, ॲलनच्या हाती राहिली. एका घरातून दोन कंपन्या निघाल्या, तासा-सव्वातासाच्या अंतरावर. पुढची सहा दशकं या दोन गावांनी एकमेकांना हरवण्यात घालवली.

संग्रहालयातल्या जुन्या यंत्रांसमोर उभं राहिलं की शर्यतीचं काम कळतं. सुरुवातीच्या ‘स्नो-ट्रॅव्हलर’चं इंजिन मागे, बांधणी ट्रॅक्टरसारखी जड. वेग बेताचाच. शिकारी, लाइनमन, वनरक्षक यांना तेवढा पुरे होता. १९६० च्या दशकात यंत्र हलकं झालं, इंजिन पुढे आलं आणि साहजिकच लोक ते पळवू लागले. विस्कॉन्सिनमधल्या ईगल रिव्हरला १९६४ मध्ये सुरू झालेल्या शर्यती पुढे बर्फाच्या गोल धावपट्टीवर स्थिरावल्या. मिशिगनमधल्या सू सेंट मेरीला १९६९ पासून एक मैलाच्या बर्फाळ धावपट्टीवर पाचशे फेऱ्यांची शर्यत होते. या शर्यतींत बर्फ गुळगुळीत केलेला असतो, यंत्र गोल फिरतं आणि बिघडलं तर मदतनीस शंभर पावलांवर असतो.

आय-५०० चं सगळंच उलटं. बर्फ जसा पडला तसा. मदत पुढच्या मुक्कामावर. वाटेत पट्टा तुटला तर चालकानंच हातमोजे काढून तो बदलायचा. इथे यंत्राची रचना थोडी सांगायला हवी. आपल्या गिअरलेस स्कूटरमध्ये जसा इंजिनापासून चाकापर्यंत शक्ती नेणारा रबरी पट्टा दोन पुल्यांवर फिरतो, वेगानुसार वर-खाली सरकतो, तीच योजना स्लेडमध्ये आहे. फक्त चाकाऐवजी उंचवटे असलेला रुंद रबरी ट्रॅक फिरतो. हा पट्टा तापतो, झिजतो, फाटतो. म्हणून प्रत्येक चालक एक जादा पट्टा, प्लग आणि थोडी हत्यारं बरोबर घेऊनच निघतो. उणे तीस अंशांत पाना धरणं हीही शर्यतीतलीच परीक्षा.

१९७० च्या सुमारास हे वेड टोकाला पोचलं. १९७०-७१ च्या एका हंगामात उत्तर अमेरिकेत जवळपास पाच लाख स्नोमोबाइल विकल्या गेल्या. शंभराहून जास्त कंपन्या त्या बनवत होत्या. आय-५०० ला शेकडो स्पर्धक उतरायचे आणि त्यांतले थोडेच सेंट पॉल गाठायचे. कंपन्यांना हेच हवं होतं. जाहिरातीत काहीही लिहिता येतं, पण पाचशे मैलांनंतर कुणाचं यंत्र धडधाकट आलं ते सगळ्या गावांना दिसे. ट्रॅक्टरवाली जॉन डिअर कंपनीही या धंद्यात उतरली. १९७६ मध्ये ब्रायन नेल्सननं जॉन डिअरच्या ‘लिक्विफायर’वर आय-५०० जिंकली, तेव्हा हिरव्या ट्रॅक्टरची थट्टा करणारे गप्प झाले. या कंपनीचं ‘नथिंग रन्स लाइक अ डिअर’ हे आज ट्रॅक्टरांबरोबर जगभर फिरणारं घोषवाक्य मुळात स्नोमोबाइलच्या जाहिरातीसाठी जन्मलं.

शर्यतीतली सर्वांत मोठी अडचण पुढच्या स्कींची होती. त्या पाटा-स्प्रिंगवर बसवलेल्या असत आणि मोरीचा प्रत्येक धक्का थेट हातांत यायचा. पोलारिसनं दोन्ही स्की स्वतंत्रपणे वर-खाली होतील असं सस्पेन्शन आधी शर्यतीच्या यंत्रांवर आजमावलं आणि १९८० च्या ‘टीएक्स-एल इंडी’मधून ते गिऱ्हाइकांपर्यंत नेलं. पुढे सगळ्यांनाच त्याच वाटेनं जावं लागलं. आर्क्टिक कॅटकडे कर्क हिबर्ट होता, नावाजलेला क्रॉसकंट्री चालक आणि त्याच कंपनीचा अभियंता. आठवडाभर यंत्र घडवायचं, सुटीच्या दिवशी ते चरात घालायचं आणि काय मोडलं ते सोमवारी कारखान्यात सांगायचं, असा हा व्यवहार. कंपनीची ‘झेडआर’ मालिका या व्यवहारातूनच घडली. आज पन्नाशी-साठीतला माणूस पाठ न मोडता दिवसभर स्लेड चालवू शकतो, याचं श्रेय मी गोल धावपट्टीपेक्षा या चरांना देईन.

पण शर्यतीला पहिला फटका बर्फानंच दिला. १९७० च्या दशकाच्या शेवटी तेल महागलं आणि लागोपाठ काही हिवाळे कोरडे गेले. विनिपेग-सेंट पॉल शर्यत १९८० च्या सुमारास थांबली. १९८१ मध्ये आर्क्टिक कॅट दिवाळखोरीत गेली, जॉन डिअरनं थोड्याच काळात हा धंदा सोडला, आणि शंभरांतून शेवटी चार मोठे निर्माते उरले. थीफ रिव्हर फॉल्सच्या लोकांनी १९८३ मध्ये आपली कंपनी नव्यानं उभी केली. शर्यतही निरनिराळ्या मार्गांनी, निरनिराळ्या आयोजकांच्या हाताखाली पुन्हा सुरू झाली. मात्र १९९० च्या दशकात प्रेक्षक स्नोक्रॉसकडे वळले. तिथे छोट्या मैदानात उड्या, वळणं, दिवे, कॅमेरे सगळं असतं. १९९८ पासून ते ‘एक्स गेम्स’ या साहसी खेळांच्या स्पर्धेत दिसू लागलं आणि त्यातला सर्वांत गाजलेला खेळाडू ठरला टकर हिबर्ट, कर्कचाच मुलगा.

लांब पल्ल्याची जिद्द अलास्कानं वेगळ्या पद्धतीनं जपली. १९८४ पासून तिथे ‘आयर्न डॉग’ होते. बरीच वर्षं तिचा मार्ग बिग लेकहून नोम आणि तिथून फेअरबँक्स असा, दोन हजार मैलांच्या आसपास होता. माणसं दोघं-दोघं मिळून जातात, कारण एकट्यानं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. स्कॉट डेव्हिसनं ती सात वेळा जिंकली आहे. पुढे राष्ट्रीय राजकारणामुळे जगाला माहीत झालेल्या सारा पेलिन यांचे तेव्हाचे पती टॉड यांनी चार वेळा.

रोझोहून परतताना आम्ही थीफ रिव्हर फॉल्सला थांबलो, कारण शर्यतीचे दिवस होते. आताची आय-५०० बहुधा या गावाच्या आसपास फिरते. रोज एक मोठा वळसा, संध्याकाळी परत गावात. स्पर्धक दोन-दोन करून ठरावीक अंतरानं सुटतात आणि निकाल घड्याळावर लागतो. त्यामुळे पुढे दिसणारा पुढे असतोच असं नाही. एका शेतकऱ्यानं आम्हाला चौफुलीवरची जागा दाखवली. त्याच्याच जमिनीतून वाट जात होती आणि परवानगी त्यानं दिली होती. वाऱ्यानं गाल बधिर झाले होते. फोटोसाठी मी हात बाहेर काढला तशी भाची ओरडली, “मामा, हातमोजे घाला आधी! इथे दोन मिनिटांत बोटं जातात.”

मग दूरवर बर्फाचा फवारा दिसला, टू-स्ट्रोक इंजिनचा चिरका आवाज आला, मोरीवरून दोन स्लेड उडाले, पलीकडे आदळले आणि गेले. हवेत जळक्या तेलाचा गोडसर वास राहिला. पुढच्या जोडीची वाट पाहत आम्ही पुन्हा उभे. पाहणाऱ्याला यात फारसं काही मिळत नाही हे कबूल केलं पाहिजे. पण इंधनाच्या थांब्यावर गेल्यावर चित्र बदलतं. थंडीपासून बचावासाठी नाका-गालांवर चिकटपट्ट्या लावलेली माणसं, हेल्मेटच्या कडेला लटकलेले बर्फाचे गोळे, टाकी भरून देणारे वडील, घड्याळ पाहणारी बहीण. अव्वल दर्जाच्या गटाशिवाय शाळकरी मुलांचा, स्त्रियांचा, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांचा असे वेगळे गट. उद्या यांतले कितीतरी जण कामावर जातील, कुणी शेतावर, कुणी स्लेडच्याच कारखान्यात.

त्या कारखान्यांचं काय, हा प्रश्न गावात सगळीकडे ऐकू येतो. आर्क्टिक कॅट २०१७ मध्ये टेक्स्ट्रॉन या मोठ्या कंपनीनं घेतली. २०२४ च्या अखेरीला उत्पादन थांबवण्याची घोषणा झाली आणि २०२५ मध्ये कंपनीच्याच एका माजी अधिकाऱ्याच्या पुढाकारानं ती पुन्हा वेगळी निघाली. यामाहानं तर स्नोमोबाइलचा धंदाच आवरता घेतला. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वांत उबदार ठरला. त्या वर्षी ‘बेअरग्रीझ’ ही इथली प्रसिद्ध कुत्र्यांच्या घसरगाड्यांची शर्यतही बर्फाअभावी रद्द झाली.

हवामान बदललं तरी स्नोक्रॉस टिकेल, कारण एका मैदानापुरता बर्फ यंत्रानं पाडता येतो. गोल धावपट्टीवर पाणी मारून रात्रीतून बर्फ करता येतो. शेकडो मैल चर मात्र कुणी भरून देऊ शकत नाही. क्रॉसकंट्रीला जिथे खरोखर हिवाळा आहे तिथेच जावं लागतं, आणि म्हणून ती आता शहराकडे येणारी शर्यत राहिलेली नाही. ती ज्या दोन गावांनी वाढवली त्यांच्याच शिवारात फिरते. आयोजक वळसे आखडतात, तारखा पुढे ढकलतात, चर रिकामे असतील तर गोठलेल्या तळ्यावर वाट आखतात, पण शक्यतो भरवतात.

पाहायला जायचं असेल तर जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ धरा. मिनियापोलिसहून गाडीनं पाच तास लागतात. लोकरीच्या कपड्यांवर वारा न शिरणारं जाकीट हवं आणि गाडीत घोंगडी, खाणं आणि फावडं ठेवायलाच हवं. उभं राहायचं ते मोरीपासून दूर, वळणाच्या आतल्या बाजूला, आणि शेतमालकाला विचारून. इंधनाचा थांबा चुकवू नका. आणि विमानाचं तिकीट काढण्याआधी थीफ रिव्हर फॉल्सला बर्फ किती पडलाय ते पाहून घ्या. स्पर्धकही तेच पाहत असतात.